ऱ्हस्व वधू

आत्याचं लग्न घरीच करायचं असं बाबांनी ठरवलं, तेव्हा घरातल्या कोणी हो म्हटलं नव्हतं. नाही म्हणायलाही कोणाला फुरसत मिळाली नाही. "स्वतःचं घर असताना दुसऱ्याच्या चार भिंती कशाला शोधायच्या?" असं म्हणून बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. बाबांनी कप खाली ठेवला की विषय संपला, अशी त्या घरात पद्धत होती. आता स्वतःचं घर म्हणजे काय, तर पहिल्या मजल्यावरच्या अडीच खोल्या. त्यातल्या अर्ध्या खोलीत आत्या आणि खारू झोपायच्या. खारूचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं. घरी मात्र, पेन्सिली कुरतडते म्हणून, सगळे तिला खारू म्हणत. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि आत्याचं लग्न मोडायची वेळ आली ती तिच्यामुळे. ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं दोन-तीन माणसांखेरीज कोणालाही माहीत नव्हती.

आत्या अडतीस वर्षांची होती. यापूर्वी दोनदा लग्नाच्या गोष्टी बोलण्यापर्यंत आल्या होत्या आणि बोलता बोलताच परत गेल्या होत्या. त्यानंतर तिचं मनगटी घड्याळ बंद पडलं. कोपऱ्यावरच्या घड्याळजींनी ते दुरुस्त करून दिलं, तर पंधरा दिवसांनी पुन्हा बंद पडलं. वर्षभर हेच चाललं. घड्याळ तेच, बिघाड मात्र दर वेळी नवा. शेवटी आईनेच एकदा आत्याला विचारलं की त्या घड्याळाला बरं वाटावं असं तुमच्या दोघांपैकी कोणाला खरंच वाटतं का. आत्या हसली आणि तिथून लग्न ठरलं.

घाई होती ती घड्याळजींच्या नोकरीची. लांबच्या एका शहरात मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ सांभाळायचं काम त्यांना मिळालं होतं आणि अमुक एका सोमवारी हजर व्हायचं होतं. एक दिवस उशीर झाला तर यादीतला दुसरा माणूस तयारच बसला होता. घड्याळजी आत्याशिवाय जायला तयार नव्हते, आणि आत्या सही झाल्याशिवाय गाव सोडायला तयार नव्हती. म्हणून आदल्या शनिवारी, सकाळी अकरा वाजता, नोंदणी अधिकाऱ्यांनी घरी यायचं, दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि मग पन्नास माणसांनी जेवायचं, असा साधा सरळ बेत होता. साधे सरळ बेत बाबांच्या हातात पडले की त्यांचं काय होतं, हे आईला ठाऊक होतं. ती त्या दिवसापासूनच डोक्याला बाम लावून होती.

बाबा पाणीपुरवठा कार्यालयात होते. तिथे त्यांची ख्याती अर्ज लिहिण्याबद्दल होती. कोणाची बदली असो, कोणाची रजा असो, मजकूर बाबांचा. त्यांच्या अर्जाला साहेबांनी कधी नाही म्हटलं नाही, असं ते सांगत. अडचण एकच होती. मजकूर पाणीदार असला तरी अक्षर असं होतं की शाईत बुडालेली मुंगी कागदावरून पळाली असावी. आणि घरगुती विवाहाच्या परवानगीच्या अर्जावर ठळक छापलेलं होतं: 'अर्ज सुवाच्य अक्षरात भरावा. चौकटीबाहेर लिहू नये.'

म्हणून एका रविवारी दुपारी, आई आणि आत्या डुलकी काढत असताना, बाबांनी कच्चा मजकूर खारूपुढे ठेवला आणि सांगितलं, उतरव. शाळेत सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळवलेली मुलगी घरात असताना दुसरीकडे कशाला जायचं? खारूने जीभ बाहेर काढून, श्वास रोखून तो अर्ज उतरवला. 'वधू' या शब्दापाशी मात्र तिची पंचाईत झाली. चौकट होती एवढीशी. दीर्घ उकाराची शेपटी काढली की ती खालच्या छापील रेघेच्या बाहेर जायची. दोनदा तिने हवेत पेन फिरवून पाहिलं. बाहेर लिहू नये असं सरकारनेच सांगितलं होतं. खारू सरकारचं ऐकणारी मुलगी होती. तिने शेपटी वळवून आत घेतली आणि 'वधु' लिहिलं. दिसायला ते फारच नीटनेटकं दिसत होतं.

कार्यालयाने त्या अर्जाची एक प्रत शिक्का मारून घराच्या खालच्या दारावर चिकटवली. खाली लिहिलं होतं, सदर विवाहास कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावे. हरकत कोण घेणार? आत्याने आयुष्यात कोणाच्या वाटेत चप्पलसुद्धा ठेवली नव्हती. पण तळमजल्यावर हेडसर राहत होते.

हेडसर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, तरी त्यांचं तपासणं निवृत्त झालं नव्हतं. दूधवाल्याची चिठ्ठी, औषधाच्या बाटलीवरची सूचना, शेजाऱ्यांच्या शोकसंदेशाची कार्डं, सगळं ते लाल पेन्सिलीने तपासत आणि परत करत. दाराशी चिकटवलेला कागद त्यांनी जाता-येता अठ्ठावीस दिवस सहन केला. एकोणतिसाव्या दिवशी त्यांनी कार्यालयाला पत्र लिहिलं. ते पत्र नंतर घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ झालं: 'सदर नोटिशीतील वधू ऱ्हस्व आहे. ती दीर्घ असावयास हवी. ती ऱ्हस्व असेतोवर या मजकुरास माझी तीव्र हरकत आहे.'

कार्यालयातला कारकून नवा होता. त्याने 'हरकत' हा शब्द वाचला आणि हरकतींची नोंदवही उघडली. ती वही इतकी वर्षं कोरी होती, त्यामुळे त्याला आनंदच झाला असावा. ऱ्हस्व म्हणजे आखूड, इतकं त्याला शाळेतलं आठवत होतं. त्याने नोंद केली: 'हरकत क्रमांक एक. वधूची उंची कमी असल्याबाबत.'

आणि दैवाची थट्टा अशी की आत्याची उंची खरोखरच कमी होती. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा काढायला तिला स्टूल लागायचं. तीन दिवसांनी घरी पत्र आलं: वधूच्या उंचीबाबत अर्जदाराने लेखी खुलासा करावा. बाबांनी ते मोठ्यांदा वाचलं, मग मनात वाचलं, मग उलटं धरून पाहिलं. आत्या उठली. स्टुलावर न चढता ती डबा काढायचा प्रयत्न करू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं फक्त खारूने पाहिलं. दोन वेळा परत गेलेल्या गोष्टी त्या स्वयंपाकघरात पुन्हा येऊन उभ्या राहिल्यासारखं झालं.

घड्याळजींना कोणीतरी जाऊन सांगितलं. ते तडक आले आणि दारातच म्हणाले, "मी काउंटरच्या मागे बसतो. त्या मला काउंटरच्या वर दिसल्या. एवढं पुरे नाही का?" त्यांच्या मानाने हे फारच लांबलचक भाषण होतं. आत्याने डबा सोडून दिला.

बाबांनी खुलासा लिहिला: 'वधूची उंची पूर्वापार अशीच असून अलीकडच्या काळात तीत कोणतीही घट झालेली नाही.' तो घेऊन ते कार्यालयात गेले, टेबलावर हात आपटले आणि हरकतीचं मूळ पत्र पाहायला मागितलं. तिथे त्यांना कळलं की भानगड उंचीची नसून उकाराची आहे. कारकुनाने त्यांच्यापुढे त्यांचाच अर्ज ठेवला. बाबांनी तो बराच वेळ पाहिला म्हणे. मग हात न आपटता ते घरी आले.

चूक कळली होती तर सुधारायला काय हरकत होती, असं कोणालाही वाटेल. समोरच्या काकूंना वाटलंच. त्या म्हणाल्या की नखाएवढं शेपूट ओढायचं, त्यात काय एवढं. पण कार्यालयाचं म्हणणं असं, की नोटिशीत एक टिंब जरी बदललं तरी ती नवी नोटीस, आणि नवी नोटीस म्हणजे नवे तीस दिवस. उंची नोंदवहीतून खोडायची तर खोडण्याची नोंदवही वेगळी होती आणि ती ज्यांच्याकडे होती ते साहेब रजेवर होते. मार्ग एकच. हरकत घेणाऱ्याने ती लेखी मागे घ्यायची.

हेडसर मागे घ्यायला एका पायावर तयार होते. त्यांना लग्न मोडायचं नव्हतं, आत्याबद्दल तर त्यांना मायाच होती. त्यांची अट फक्त एवढीच, की ज्याने हे लिहिलं त्याने समोर येऊन चूक झाली म्हणावं. आणि इथे बाबांनी जो पवित्रा घेतला तो कोणालाच कळेना. ते म्हणू लागले, दोन्ही चालतं. बोलीत आपण कुठे उकार मोजतो? ऱ्हस्व काय, दीर्घ काय, बाई तर तीच! आयुष्यभर लोकांच्या अर्जातल्या वेलांट्या सुधारणारा माणूस जिन्यात उभा राहून असं बोलताना ऐकून हेडसरांनी कानांवर हात ठेवले. वर बाबा, खाली हेडसर, असा तीन दिवस जिन्यात वाद झाला. समोरच्या काकू तांदूळ निवडत निवडत तो ऐकायच्या आणि दोघांचंही पटतं म्हणायच्या.

खारूचं काय होत होतं ते कोणी विचारलं नाही. चूक कोणाची हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाबांच्या कच्च्या मजकुरातली ती लांब शेपटी तिला डोळे मिटले की दिसायची. रात्री ती आत्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून झोपायची. सांगावं असं तिला दिवसातून दहा वेळा वाटायचं आणि दहाही वेळा ती पेन्सिल कुरतडत बसायची. आपण सांगितलं तर बाबा काय म्हणतील यापेक्षा आत्या काय म्हणेल याचीच तिला भीती होती. आत्या रागावणार नाही, नुसती बघेल. ते रागावण्यापेक्षा वाईट.

त्यातच कपाटाने भर घातली. पुढच्या खोलीत पन्नास माणसं बसवायची तर तिथलं तीन दारांचं शिसवी कपाट हलवायला हवं होतं. सुताराने ते न्याहाळून सांगितलं की हे कपाट याच खोलीत जन्माला आलंय, दारातून ते जायचं नाही. बाबा म्हणाले, जगात आत आलेली प्रत्येक गोष्ट बाहेर जाते. शुक्रवारी दुपारी सहा जणांनी मिळून ते दारातून काढलं, हे खरं. पण जिन्याच्या वळणावर ते असं तिरकं होऊन बसलं की ना वर ना खाली. एक कोपरा कठड्यात, दुसरा भिंतीत. कोणी म्हणे साबण लावा, कोणी म्हणे भिंत फोडा. काकूंचं म्हणणं पडलं की आता त्यालाच सजवा. सुतार म्हणाला, उद्या सकाळी करवत घेऊन येतो. शनिवारी सकाळी तो आला खरा, पण इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल लावून. "आज मी पाहुणा आहे," तो म्हणाला, "पाहुण्याने करवत आणायची का?"

कपाटाखाली दोन-अडीच हात जागा होती. सगळं लग्न त्या जागेतून वाकून वर आलं. घड्याळजी आले, त्यांच्या बहिणी आल्या, जेवणाची पातेली आली. अकराला नोंदणी अधिकारी आले, तेही फाइल छातीशी धरून गुडघ्यांवर. वर आल्यावर त्यांनी पँट झटकली, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आधी हरकत क्रमांक एक." हरकत निकालात निघाल्याशिवाय सह्या नाहीत. साडेबाराला त्यांना दुसरीकडे एक लग्न होतं. आज नाही जमलं तर पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

आत्या खुर्चीवर बसली होती. तिचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. तिने ते खुर्चीखाली ओढून घेतले, कोणाच्या लक्षात येऊ नयेत म्हणून.

हेडसरांना बोलावणं गेलं. ते आले, पण कपाटाशी येऊन थांबले. देह भारदस्त आणि स्वभाव त्याहून. खालून आवाज आला, "मी वाकणार नाही." मग अधिकाऱ्यांनाच उठून जिन्यात जावं लागलं. कपाट आणि भिंत यांच्या फटीतून त्यांना हेडसरांचा एक डोळा दिसला, आणि अधिकाऱ्यांनी एकदम फाइल पाठीमागे लपवली. ते हेडसरांचे विद्यार्थी निघाले. हेडसरांनी फटीतूनच विचारलं, कोणती तुकडी. अधिकारी म्हणाले, क. हेडसर म्हणाले, वाटलंच. नोंदवहीत उंची लिहिणारा कारकून तुझाच ना? अधिकाऱ्यांनी मान खाली घातली. मग धीर करून ते एवढंच म्हणाले, की सर, माझ्या हातात काही नाही, तुम्ही मागे घ्या म्हणजे सुटलो.

"ज्याने लिहिलं त्याने चूक म्हणावं," हेडसर म्हणाले. "मी आत्ता सही करतो."

जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर पन्नास माणसं दाटीवाटीने उभी होती. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. पाणीपुरवठ्यातले त्यांचे चार सहकारीही पाहत होते. याच लोकांनी त्यांच्या हातचे अर्ज डोळे मिटून पुढे पाठवले होते. बारा वाजायला आठ मिनिटं कमी होती. हे घड्याळजींनी सांगितलं आणि सांगितल्याबद्दल लगेच माफी मागितली.

खारू तोंड उघडून उभी होती. शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. पण तिच्या आधी बाबा पुढे झाले. नव्या कपड्यांनिशी ते पायरीवर बसले, मग ओणवे झाले आणि कपाटाखालून सरपटत पलीकडे गेले. पाठोपाठ कोणाला काही कळायच्या आत खारूही घुसली.

पलीकडे बाबा उठून उभे राहिले. कोपरांना धूळ लागली होती, केस विस्कटले होते. वरच्या पन्नास माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "सर, चूक झाली. अर्ज माझा आहे. वधू दीर्घच. चूक माझी."

 इतक्या सरळ शरणागतीची हेडसरांनी तयारी केली नसावी. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कागद मागितला. बाबांनी खिसे चाचपले. एकात रुमाल, दुसऱ्यात पावत्या. आतल्या खिशातून एक घडीचा कागद निघाला, तो त्यांनी घाईने कोरी बाजू वर करून पुढे केला. पण हेडसर कुठलाही कागद वाचल्याशिवाय हातात धरणारे नव्हते. त्यांनी तो उलटला. शाईत बुडालेल्या मुंग्यांच्या ओळी होत्या, आणि मधोमध 'वधू', चांगली ठसठशीत, दीर्घ, शेपटी खालच्या ओळीत गेलेली.

हेडसरांनी बाबांकडे पाहिलं. मग त्यांची नजर खाली, बाबांच्या मागे उभ्या असलेल्या खारूवर आली आणि तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर थांबली. पेन धरून धरून तिथे शाईचा डाग कायमचा बसलेला होता.

"मागची बाजू कोरी आहे, सर," बाबा हळू आवाजात म्हणाले. "तेवढीच वापरा."

 हेडसरांनी कागद कपाटाच्या दारावर टेकवला आणि लिहिलं, सदर विवाहास माझी कोणतीही हरकत नाही. सही केली, तारीख घातली. कागदाची घडी घालताना मजकूर आतल्या बाजूला राहील याची त्यांनी काळजी घेतली. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी हात गुडघ्यांवर टेकले आणि वाकले. त्यांना कपाटाखालून काढायला खालून सुतार आणि वरून नोंदणी अधिकारी लागले. सुताराच्या सदऱ्याची शिवण उसवली. पण लग्नाला हेडसर हवेतच, असं आत्यानेच वरून सांगितलं होतं.

बारा वाजून नऊ मिनिटांनी आत्याने सही केली. नाव नीट आलं. घड्याळजींनी सही करून मनगटाकडे पाहिलं आणि तिला वेळ सांगितली. कोणालाही ऐकू जाणार नाही अशा बेताने ती हसली. साक्षीदार म्हणून हेडसरांनी सही केली, आणि त्याआधी पूर्ण पान तपासलं. अधिकारी घाम पुसत उभे होते. एकही लाल खूण निघाली नाही तेव्हा त्यांनी खुर्चीत अंग टाकून दिलं आणि दुसऱ्या लग्नाची आठवण होऊन पुन्हा उठले.

जेवणं सुरू झाली. बाबा वाढत होते, सहकाऱ्यांची थट्टा झेलत होते. पाणीपुरवठ्यात आता सगळे अर्ज आधी हेडसरांकडे पाठवायचे, असं कोणीतरी म्हणत होतं. बाबा हसून मान डोलवत होते. त्या हसण्याने खारूला आणखीच रडू यायला लागलं.  पातेलं रिकामं करून बाबा स्वयंपाकघरात आले, तेव्हा तिने त्यांची बाही धरली.

"बाबा, तो अर्ज मी उतरवला होता."

"हो तर," बाबा म्हणाले, पातेलं खाली ठेवत. "अक्षर सुरेख आलं होतं."

तेव्हा मात्र खारूने भोकाड पसरलं. इतकं मोकळं वाटून रडताना माणसाला काय होतं हे तिला त्याआधी माहीत नव्हतं. आत्या सासरी चालली म्हणून पोर रडते, असं समजून समोरच्या काकूंनी तिला कुशीत घेतलं, काकूंच्या पाठोपाठ घड्याळजींच्या दोन बहिणींनी घेतलं, आणि शेवटी खुद्द आत्या धावत आली आणि तिच्याबरोबर रडू लागली. त्यातल्या कोणाचाही गैरसमज खारूने दूर केला नाही. बाबा तेवढ्यात पुन्हा पातेलं भरून वाढायला गेले होते.